आधी भिंतीतलं सॉकेट, मग मदरबोर्ड

नवा कॉम्प्युटर स्वतः जोडायचा ठरला की पोरांच्या वहीत पहिल्या ओळीला प्रोसेसरचं नाव येतं, दुसरीला ग्राफिक्स कार्डचं. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, सगळ्यात खाली असतो आणि त्याच्यापुढं लिहिलेलं असतं ‘कॅबिनेटसोबत येईल तो’. पुण्या-हैदराबादेत हे एक वेळ खपून जाईल. देवणीत खपत नाही. इथं मशीन जुनं झालं म्हणून क्वचितच मरतं, बहुतेक वेळा विजेनं, धुळीनं नाहीतर उन्हानं जातं. म्हणून ही यादी खालून वर वाचा. आणि यादी करायच्याही आधी, ज्या भिंतीजवळ टेबल ठेवणार आहात त्या भिंतीतलं सॉकेट बघा.

तीन पिनांच्या सॉकेटमधलं वरचं मोठं भोक अर्थिंगचं. जुन्या वाड्यांत आणि घाईनं काढलेल्या दुकानाच्या गाळ्यांत या भोकामागं कित्येकदा वायरच नसते. पंखा, दिवा, मोबाइल चार्जर अशा कशाचंच अडत नसल्यानं कुणाच्या लक्षात येत नाही. कॉम्प्युटरचं मात्र अडतं. एसएमपीएसच्या आत, येणाऱ्या विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून लोखंडी खोक्याला जोडलेला. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. नसेल तर सगळी कॅबिनेट २३० च्या निम्म्यावर, ११५ च्या आत-बाहेर व्होल्टवर तरंगत राहते. अनवाणी पायानं कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं ते यामुळं. करंट फार थोडा असल्यानं माणसाला सहसा इजा होत नाही, पण यूएसबी पोर्ट, प्रिंटर, नेटचा राउटर या जोडण्यांतून तो वाट शोधत राहतो, आणि मग ‘पेनड्राइव्ह लावला की मशीन बंद पडतं’ असली विचित्र दुखणी सुरू होतात.

तपासायचं कसं? मल्टिमीटर असेल आणि वापरता येत असेल तर एसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून तीन मापं घ्या. फेज ते न्यूट्रल साधारण २३०, फेज ते अर्थिंग जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत. डिजिटल मीटर मात्र तुटलेल्या वायरवरही खोटे आकडे दाखवतो, म्हणून वायरमनला बोलावून टेस्ट लॅम्प लावून घेणं खात्रीचं. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब पूर्ण उजेडानं पेटला तर अर्थिंग जिवंत आहे, मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर नाही. घरात ईएलसीबी, म्हणजे करंट गळताच लाइट तोडणारी स्विच, असेल तर ती या तपासणीत पडेल, आणि ते पडणंही अर्थिंग असल्याचीच खूण. हा प्रयोग तुम्ही करू नका, वायरमनलाच करू द्या.

आणि तो वायरमन काम करत असताना जवळ उभे राहा. कारण ‘अर्थिंग करून देतो’ म्हणून काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रलच्या पेचावरून तारेचा एक तुकडा अर्थिंगच्या पेचाला मारतात. मीटर लावला तर सगळं छान दिसतं, न्यूट्रल-अर्थिंगमध्ये शून्य व्होल्ट. पण वाऱ्यानं किंवा गंजानं पोलावरचं न्यूट्रल तुटलं की तुमच्या कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट फेज येऊन बसते. हे जीवघेणं आहे. सॉकेट उघडून बघा. अर्थिंगच्या पेचावरची वायर हिरवी असावी आणि ती बोर्डातून बाहेर खड्ड्याकडे जाताना दिसावी.

खड्डा नवा घ्यायचा असेल तर भारतीय मानक आयएस ३०४३ नुसार पाइप निदान अडीच मीटर लांबीचा हवा आणि तो इमारतीपासून दीड मीटर तरी लांब. आपल्याकडच्या काळ्या जमिनीची एक खोड आहे. पावसाळ्यात ती पाइपाला घट्ट धरते आणि उन्हाळ्यात भेगाळून सोडून देते. ऑक्टोबरात मोजलेलं उत्तम अर्थिंग मेमध्ये नावापुरतं उरतं. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर होळीपासून मृग लागेपर्यंत आठवड्याला एक घागर पाणी त्यात ओतायचं. पाण्याची ओढ असते तेव्हा हे जिवावर येतं, हे कबूल. धुण्याभांड्याचं पाणी चालतं.

सॉकेटचं झालं, आता त्याच्याशी जोडलं जाणारं यंत्र. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ छापलेलं असतं, ते छापणाऱ्याचं मत समजा. हातात घेऊन बघा, पोकळ डब्यासारखा हलका लागेल. त्याऐवजी कॅबिनेट रिकामी घ्या आणि नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झचा शिक्का असलेला, ४५० किंवा ५५० वॅटचा एसएमपीएस वेगळा घ्या. लेबलवर ‘इनपुट १००–२४० व्होल्ट’ लिहिलेलं आहे ना, ते पाहा. रब्बीला मोटारी सुरू झाल्या आणि डीपीवर ताण आला की घरातले दिवे मंदावतात. रुंद इनपुटचा सप्लाय अशा वेळी कुरकुर न करता चालतो.

इन्व्हर्टरवर चालवायचा विचार असेल तर तो साइन वेव्ह आहे का, हे आधी बघा. जुने स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आणि चांगले, अॅक्टिव्ह पीएफसी असलेले एसएमपीएस यांचं जमत नाही. गुणगुणणं, अधूनमधून बंद पडणं असले प्रकार होतात आणि दोष मात्र मदरबोर्डला लागतो. यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो. त्यातून साधारण ३६० वॅट मिळतात आणि ग्राफिक्स कार्ड नसलेलं मशीन मॉनिटरसकट शंभर-दीडशे वॅटच्या वर सहसा जात नाही. बॅटरी नवी असेपर्यंत काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याएवढा वेळ आरामात मिळतो. यूपीएस त्याच्यासाठीच असतो, लाइट येईपर्यंत काम ओढण्यासाठी नाही. सेतू केंद्रवाल्यांनी आणि झेरॉक्सवाल्यांनी लेझर प्रिंटर यूपीएसवर टाकू नये. कागदावरची शाई वितळवायला तो एकदम शेकड्यांनी वॅट ओढतो आणि यूपीएस ऐन छपाईत मान टाकतो.

काय घ्यायचं, कुठून घ्यायचं

किमतीचे आकडे देत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे कडाडले की महिन्यापूर्वीचं कोटेशन आज रद्दीत जातं. पण निवडीचं तत्त्व भावावर अवलंबून नाही.

पहिला प्रश्न, काम काय? ऑनलाइन अर्ज, टायपिंग, हिशेब, पोरांचे क्लास आणि थोडं कोडिंग एवढंच असेल तर ग्राफिक्स कार्डचा विचारच सोडा. प्रोसेसरमध्येच डिस्प्लेची सोय असलेला घ्या. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा सहा कोअरचा, ६५ वॅटचा प्रोसेसर या कामांना भरपूर झाला. इंटेलकडं जायचं तर कोअर आय३-१२१०० आहे. इथं एका अक्षरानं घोळ होतो. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर आत डिस्प्ले नाही, आणि एएमडीच्या त्या पिढीत शेवटी ‘जी’ नसेल तरी नाही. ‘एफ’वाला थोडा स्वस्त मिळतो म्हणून लोक आणतात आणि घरी आल्यावर स्क्रीन काळीच. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्यांचं गणित वेगळं. त्यांना कार्ड लागतंच आणि एसएमपीएसही मोठा लागतो.

दुसरी गोष्ट जोडीची. ५६००जी ला एएम४ सॉकेटचा बोर्ड, बी५५० किंवा ए५२०. आय३-१२१०० ला एलजीए१७०० चा बोर्ड, एच६१० पुरेसा. पण एच६१० चे बोर्ड डीडीआर४ चेही मिळतात आणि डीडीआर५ चेही. दोन्ही रॅमच्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्यात बसत नाही. बोर्डाचं पूर्ण नाव वाचून मगच रॅम घ्या. रॅम १६ जीबी, आणि परवडलं तर ८-८ च्या दोन पट्ट्या. आतल्या डिस्प्लेला दोन पट्ट्यांचा फरक ठळक जाणवतो. साठवणीला ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी.

इथं एक आडवळण. काम फक्त अर्ज भरण्याचं असेल तर कंपन्यांतून निघालेलं रिफर्बिश्ड मशीन स्वस्तात पडतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरांना अधिकृतपणे चालत नाही. ‘आय५ आहे’ एवढ्यावर भुलू नका, कितवी पिढी ते विचारा.

खरेदीला उदगीर जवळचं, लातूर मोठं. आणि देवणीकरांना तिसरा रस्ता आहे जो बाकीच्या मराठवाड्याला एवढा सोयीचा नाही. उदगीरहून भालकी, बीदर, जहीराबादवरून सिकंदराबादला रेल्वे जाते. तिथं पार्कलेनला चिनॉय ट्रेड सेंटर आहे, सगळे त्याला सीटीसी म्हणतात. मुंबईत जे स्थान लॅमिंग्टन रोडचं, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाचं, तेच हैदराबादेत सीटीसीचं. एकाच इमारतीत दुकानाला दुकान लागून, भाव चार ठिकाणी विचारता येतो. पण परत यायचं भाडं आणि वेळ हिशेबात धरा. पार्ट बिघडला तर पुन्हा तिकडंच जावं लागेल. माझं मत असं: मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हे त्रिकूट एकाच दुकानातून घ्या, शक्यतो उदगीर-लातूरमधून, चार पैसे जास्त गेले तरी. मशीन सुरू झालं नाही तर ‘बोर्ड आमचा चांगला, रॅम त्यांची खराब’ हा खेळ तरी होणार नाही. मॉनिटर, कीबोर्ड, कॅबिनेट हवं तिथून घ्या. ऑनलाइन काही मागवलं तर खोकं फोडतानाचा व्हिडिओ करा, अगदी सील दिसण्यापासून. काचेच्या बाजूची कॅबिनेट कुरियरनं मागवू नका, एवढं सांगतो.

देवणी खोंड घ्यायला गेलेला माणूस दात, खूर, वशिंड बघितल्याशिवाय पैसे मोजत नाही. मदरबोर्डही दुकानात उघडूनच घ्या. इंटेलच्या बोर्डावर प्रोसेसरच्या जागी केसासारख्या बारीक पिनांचं शेत असतं. वरचं प्लास्टिकचं झाकण काढायला लावा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. सगळ्या पिना एकसारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी जागा मळकट किंवा वेडीवाकडी चमकली तर तो बोर्ड नको. घरी आल्यावर वाकलेली पिन दाखवली तर कुणीच मान्य करणार नाही. एएम४ मध्ये उलट असतं, पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. तिथं प्रोसेसर पाहा. बोर्डाच्या खोक्यावर ‘रायझन ५००० रेडी’ अशा अर्थाचा शिक्का आहे का तेही बघा, जुन्या साठ्यातला बोर्ड नवा प्रोसेसर ओळखत नाही. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. दुकानासाठी घेत असाल तर बिल स्वतःच्या जीएसटी नंबरवर घ्या. कर १८ टक्के आहे, वजावट सोडण्यासारखी नाही. तेलंगणातून घेणार असाल तर बिल कसं लावायचं ते आपल्या सीएला आधी विचारा.

‘ट्रे’चा प्रोसेसर, म्हणजे खोक्याशिवायचा सुटा, स्वस्त मिळतो. त्यात पंखा नसतो आणि खोक्यातल्या प्रोसेसरला मिळते ती तीन वर्षांची कंपनीची वॉरंटीही नसते. घेऊ नये.

जोडणी

१९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकनं परम ८००० हा महासंगणक उभा केला. अमेरिकेकडून हवा तो क्रे कंपनीचा महासंगणक मिळेना, तेव्हा डॉ. विजय भटकरांच्या गटानं इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या चिपा, डझनावारी एकत्र जोडले. आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला असेंबल्ड कॉम्प्युटर तोच. तुमचं काम त्यामानानं फारच सोपं. जवळजवळ प्रत्येक पार्टला खाच असते, तो एकाच बाजूनं बसतो. एक लांब, चुंबकी टोकाचा फुली स्क्रूड्रायव्हर, चांगला उजेड आणि मोकळी दुपार पाहिजे. पंखा बंद ठेवा, बारीक स्क्रू उडतात.

मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज जमते. टेरिकॉटचा शर्ट, नायलॉनची साडी, सतरंजी, ब्लँकेट हे सगळं टाळा. सुती कपडे घाला, लाकडी टेबल घ्या. एसएमपीएसची केबल भिंतीत लावा, त्याच्या पाठीमागचं बटण बंद ठेवा आणि प्रत्येक पार्टला हात लावण्याआधी एसएमपीएसच्या उघड्या पत्र्याला बोट लावा. अर्थात हे अर्थिंग खरं असेल तरच उपयोगाचं.

पहिली जोडणी कॅबिनेटच्या बाहेर करायची. हा सल्ला बरेच जण कंटाळून सोडतात आणि नंतर पस्तावतात. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी पिशवीवर नको, त्या पिशवीतून वीज वाहू शकते.

आता प्रोसेसर. एएम४ असेल तर सॉकेटच्या कडेचा दांडा सरळ उभा करा. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटवरही असतो. दोन्ही जुळवून प्रोसेसर अलगद सोडा. तो स्वतःच्या वजनानं खाली बसतो. दाबायचं नाही, अजिबात नाही. बसला नाही तर उचलून पुन्हा बघा, जबरदस्तीनं पिना वाकतात. मग दांडा खाली. इंटेलमध्ये दांडा खाली करताना चांगलाच जोर लागतो आणि करकर आवाज येतो. घाबरू नका, तो तसाच असतो. वरचं काळं झाकण आपोआप टपकन उडतं. ते टाकू नका.

पंख्याचा भाग थोडा किचकट आहे. ५६००जी सोबत येणारा रेथ स्टेल्थ कूलर चार स्प्रिंगच्या स्क्रूंनी बसतो, पण बोर्डावर आधीच दोन प्लास्टिकच्या पट्ट्या लावलेल्या असतात. त्या काढाव्या लागतात, हे खोक्यातल्या कागदावर इतकं बारीक छापलेलं असतं की बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. पट्ट्यांचे चार स्क्रू काढताच बोर्डामागची धातूची पट्टी सुटते, म्हणून खालून तिला बोटांचा आधार द्या. कूलरच्या पोटाला राखाडी लेप आधीच लावलेला असतो, त्याला हात लावू नका, वेगळी पेस्टही नको. कूलर एकदाच, सरळ खाली टेकवा. चारही स्क्रू आधी फक्त पकडीत घ्या, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन-दोन आटे पिळत जा. एक कोपरा पूर्ण कसून मग दुसरा असं केलं तर लेप एका बाजूला सरकतो. शेवटी पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवर. ही राहिली तर मशीन सुरू होऊन लगेच तक्रार करतं. पुढं कधी हा कूलर काढायची वेळ आली तर आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून कूलर हलकासा डावी-उजवीकडं फिरवत सोडवा. थंडच ओढला तर घट्ट झालेल्या पेस्टसोबत प्रोसेसरही सॉकेटातून उपटून येतो.

रॅमला चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या बसतात. पहिल्या चाचणीला एकच पट्टी पुरे, दुसऱ्या खाचेत. दोन्ही टोकांना अंगठ्यानं दाबा, टक् असा आवाज आला पाहिजे. पहिल्यांदा बसवणारा नेहमी कमी जोर लावतो. सुरू न होणाऱ्या नव्या मशीनमध्ये बहुतेकदा हेच असतं. एसएसडी तिरकी आत सरकवायची, मग खाली दाबून टोकाचा बारका स्क्रू लावायचा. बोर्डाला त्यावरची धातूची पट्टी असेल तर तिच्या पोटाचं पातळ प्लास्टिक आधी सोला.

वीज दोन ठिकाणी लागते. चोवीस पिनांचा रुंद जोड बोर्डाच्या कडेला आणि आठ पिनांचा वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरसाठी. या आठ पिनांच्या जोडावर ‘सीपीयू’ लिहिलेलं असतं आणि तो चार-चार असा दुभंगतो. ग्राफिक्स कार्डचा जोडही आठ पिनांचा दिसतो पण सहा-दोन असा दुभंगतो. तो इथला नव्हे. मॉनिटरची केबल बोर्डाला. आता बोर्डाच्या खालच्या कडेला ‘पॉवर एसडब्ल्यू’ नावाच्या दोन पिना शोधा, एसएमपीएसचं बटण चालू करा आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना क्षणभर एकत्र टेकवा. पंखा फिरेल. स्क्रीनवर कंपनीचं चित्र किंवा बायोस आलं की निम्मी लढाई जिंकलात.

आलं नाही तर? बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो अडकून राहील तिथं दुखणं. डीरॅमचा दिवा राहिला तर पट्टी काढून पुन्हा दाबा, दुसऱ्या खाचेत घालून बघा, दुसरी पट्टी लावून बघा. सीपीयूचा राहिला तर आठ पिनांचा जोड तपासा. बूटचा दिवा आत्ता लागणारच, विंडोज टाकलेलं नाही. डीडीआर५ चा बोर्ड असेल तर पहिल्या वेळी रॅम पारखायला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी राहते. तेव्हा घाईनं बटण बंद करू नका. सगळं करून भागलं नाही तर वीज काढा, बोर्डावरचा नाण्याएवढा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, परत घाला.

चाचणी झाली की वायरी काढून बोर्ड कॅबिनेटमध्ये. कॅबिनेटच्या पत्र्यावर पितळी षट्कोनी खुंट्या असतात. बोर्डाला जिथं भोक आहे तिथंच खुंटी हवी. एक खुंटी जास्तीची, भोक नसलेल्या जागी राहिली तर ती बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करते. म्हणून बोर्ड आत ठेवण्याआधी भोकं मोजा, खुंट्या मोजा. मागची चकचकीत पोर्टांची पट्टी वेगळी आली असेल तर ती आधी आतून ठोकून बसवा. बोर्ड कसल्यावर आठवण झाली तर सगळं उलटं करावं लागतं.

समोरच्या बटणांच्या बारीक वायरी हा शेवटचा कंटाळा. पॉवर आणि रीसेटच्या बटणांना दिशा नसते, कशाही लावा. दिव्यांना असते, उलटा लावला तर नुसता पेटत नाही, बिघडत काही नाही. यूएसबी ३ चा जाड निळा जोड मात्र सरळ आणि हळू लावा, त्याची पिन वाकली की पंचाईत. पंखे कुठल्या दिशेनं वारा फेकतात हे ओळखायचं तर ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसतात त्या बाजूनं वारा बाहेर येतो. आपल्या धुळीच्या गावात पुढून आत घेणारे पंखे जास्त, तेही जाळीमागं, आणि मागं बाहेर टाकणारा एक, असं ठेवा. आत हवेचा दाब थोडा जास्त राहिला की फटीफटीतून धूळ शिरत नाही.

पाठीमागच्या कार्डांच्या रिकाम्या खाचांवर पत्र्याच्या पट्ट्या लावायच्या राहू नयेत. त्या फटीतून उंदीर आत जातात आणि वायरी कुरतडतात. पाल एसएमपीएसमध्ये शिरली तर पालही जाते आणि एसएमपीएसही.

विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये दोन कामं: रॅमचा छापील वेग मिळावा म्हणून एक्सएमपी किंवा डीओसीपी चालू करा, आणि टीपीएम चालू आहे का बघा. एएमडीमध्ये ते एफटीपीएम, इंटेलमध्ये पीटीटी या नावानं असतं, विंडोज ११ ला लागतं. क्रॅक केलेलं विंडोज दुकानाच्या मशीनवर टाकू नका. ज्या मशीनवर लोकांचे आधार नंबर आणि बँक खाती टाइप होतात तिथं कुणाच्या तरी अनोळखी फाइलला घरात घेणं योग्य नाही. लिनक्स फुकट आहे आणि विद्यार्थ्यांना उत्तम. सरकारी पोर्टलवर डिजिटल सहीचं काम असेल तर विंडोजच बरं. मराठीसाठी वेगळं काही विकत घ्यायला नको, विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आहेच आणि २०१९ पासून उच्चारानुसार चालणारा मराठी फोनेटिक कीबोर्डही आहे.

पुढची निगा

कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका. मेमध्ये बाहेर पारा चाळिशीच्या वर असतो, खोलीत पस्तीस-अडतीस, आणि पंखा तीच हवा आत घेतो. ५६००जी ची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. तिथं पोचला की तो स्वतःहून मंदावतो. मशीन उन्हाळ्यातच ‘हँग’ होत असेल तर व्हायरस शोधण्याआधी तापमान बघा.

झाडलोट दिनदर्शिकेवर नाही, मळणीवर ठरवा. सोयाबीनची मळणी संपली की एकदा, तुरीची झाली की एकदा. मशीन बंद करून, केबल काढून, अंगणात नेऊन ब्लोअरनं धूळ उडवायची. त्या वेळी पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. वाऱ्यानं गरगर फिरला तर पंखा जनित्रासारखा उलटी वीज बोर्डात सोडू शकतो, बेअरिंगही जातं. ओलं फडकं आत नको.

वळवाचे ढग दाटले की बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून उपसा. नेटची तांब्याची केबल, म्हणजे राउटरपासून मशीनपर्यंतची लॅन, तीही काढा. फायबर स्वतः वीज वाहत नाही पण राउटरचा अडॅप्टर त्याच सॉकेटवर असतो, आणि तिथून लॅनच्या वायरीतून वीज थेट मदरबोर्डात पोचते. यूपीएसची बॅटरी आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत बसते. लाइट गेल्यावर मशीन लगेच बंद पडायला लागलं की समजायचं. आत १२ व्होल्ट ७ एएचची साधी बॅटरी असते, तेवढीच बदलून मिळते, नवा यूपीएस घ्यायची गरज नाही.

आणि खोकी फेकू नका. बिल उन्हानं आणि घामानं पुसट होतं, म्हणून त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मदरबोर्डाचं खोकं वाळवी लागणार नाही अशा पत्र्याच्या पेटीत टाका, आणि सॉकेटवरून उडालेलं ते काळं झाकण त्याच खोक्यात. बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर पिनांवर ते झाकण लावूनच पाठवायचं असतं. झाकणाशिवाय गेलेल्या बोर्डाची वाटेत एखादी पिन वाकली की कंपनी बोर्ड तसाच परत करू शकते.